मंडळी कुणाच्या नावावर? निपाणी भागातल्या एका निवृत्त पास्टरचं प्रकरण

हे प्रकरण निपाणीच्या आसपासच्या एका गावातलं. गावाचं नाव देत नाही. माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशीलही इकडचे तिकडे केले आहेत. कायद्याच्या आणि इतिहासाच्या बाबी मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत, कारण अशाच पेचात सापडलेल्या दुसऱ्या मंडळ्यांना (एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती समूहांना) उपयोग व्हायचा तर त्यांचाच.

निमित्त झालं पत्र्याच्या छपराचं. साठ-सत्तर माणसांची स्वतंत्र इव्हँजेलिकल मंडळी. रविवारी सकाळी उपासना, शुक्रवारी उपवास-प्रार्थना, पावसाळ्यात व्यासपीठाच्या उजव्या अंगाला गळतीखाली बादली. छप्पर बदलायला पतसंस्थेकडून कर्ज काढायचं ठरलं. पतसंस्थेनं जागेचा कागद मागितला म्हणून पंचायतीतून ई-स्वत्तूचा, म्हणजे कर्नाटकातल्या गावच्या मिळकतींच्या संगणकी नोंदीचा, नमुना ९ आणि ११ काढला. कागद कन्नडमध्ये. समितीतल्या पाचांपैकी चौघं मराठी शाळेत शिकलेले, पाचव्याला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही. शेवटी एका सभासदाच्या नववीतल्या मुलीनं अक्षरांवर बोट ठेवून वाचलं. मालकाच्या रकान्यात पास्टरांचं नाव, पुढं त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव. मंडळीचा उल्लेख कुठंच नाही.

खजिनदार कागलच्या एमआयडीसीत कामाला. राहायला कर्नाटकात, पगार महाराष्ट्रात, त्यामुळं दोन्हीकडच्या कागदांनी पोळलेला माणूस. त्यानं मुलीकडून तो रकाना पुन्हा वाचून घेतला आणि समिती उठून मागच्या खोल्यांत गेली, जिथं पास्टर राहतात. पास्टरांनी चष्मा पुसला आणि सरळ सांगितलं, "व्हय, माझ्याच नावावर हाय. मग कुणाच्या नावावर घेणार हुतो? तवा मंडळीला नाव तरी हुतं का?"

लबाडी कुणी केलेली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. अशा प्रकरणांत पहिला संशय पास्टरवर जातो, कधी कधी तो खराही ठरतो. इथं तसं नव्हतं. इथला प्रश्न अवघड होता तो माणूस चांगला होता म्हणून.

वखारीतून व्यासपीठावर

पास्टरांचा जन्म १९५० च्या आसपासचा, हुक्केरी तालुक्यातल्या एका खेड्यात. तेव्हा हा मुलूख मुंबई राज्यात होता. ते शाळेत जायला लागले त्या सुमारास, १ नोव्हेंबर १९५६ ला, तो म्हैसूर राज्यात गेला. घर आजोबांच्या काळात ख्रिस्ती झालेलं. भावकीतली बाकीची घरं १९५६ नंतर बौद्ध झाली. १९२५ मध्ये डॉ. आंबेडकर परिषदेसाठी निपाणीला आले होते, त्याच्या गोष्टी त्या घरांतून अजून निघतात. दोन्हीकडं एकमेकांच्या लग्नाला जाणं-येणं आहे. पण कागदावर दोन घरांच्या दोन वाटा झाल्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या, १९५६ मध्ये शिखांना मिळाल्या, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्यांना आजही नाहीत. चुलतभावाची मुलं सवलतीवर शिकून बँकेत लागली. पास्टरांचा मुलगा कर्नाटकाच्या मागासवर्गाच्या प्रवर्ग १ मधून फॉर्म भरत राहिला आणि शेवटी पुण्याला खासगी नोकरीत गेला. मुलाच्या मनातली अढी तिथली. जागेचा विषय निघाला तेव्हा ती वर आली, म्हणून इथं सांगितली.

तरुणपणी पास्टर तंबाखूच्या वखारीत वजनाच्या नोंदी ठेवायचे. जन्मानं ख्रिस्ती, पण ते स्वतःच म्हणतात तसं, "नावाचा". विशी ओलांडता ओलांडता मिरजेच्या एका जागृती सभेत त्यांना तारणाचा, म्हणजे पापातून सुटकेचा, अनुभव आला. तो कसा आला हे ते अजून साक्षीत, म्हणजे मंडळीसमोर आपला अनुभव मांडताना, सांगतात आणि दरवेळी सांगताना थोडं थांबतात. त्यात मी जात नाही, कारण त्याबद्दल बोलायचा हक्क त्यांचा. वखार सोडली. त्या काळी मराठी मुलखात बायबलचं पक्कं शिक्षण म्हणजे यवतमाळ (तिथली युनियन बिब्लिकल सेमिनरी पुढं १९८३ मध्ये पुण्याला गेली), पण पदवीचं इंग्रजी झेपणारं नव्हतं. एका मराठी बायबल शाळेत दोन वर्षं काढली, सायकल घेतली आणि निपाणीच्या बाजूला सेवा सुरू केली.

सेवा म्हणजे काय, तर बिडीवाल्या बायकांच्या घरी रात्रीची प्रार्थनासभा. दिवसा बोलावून कुणी येणार नाही, कारण हजार बिड्यांचा हिशेब पुरा व्हायचा असतो. रात्री बायका सूप मांडीवर घेऊन बसायच्या, पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं कापायच्या, चिमूटभर तंबाखू, दोरा, झाली बिडी. पास्टर समोर बसून वचन वाचायचे. त्यांनी मला सांगितलेली एक गोष्ट फार खरी वाटली: संदेश लोकांना भिडतोय की नाही हे ते तोंडाकडं बघून ठरवत नसत, कात्रीवरून ठरवत. आवाज एकसारखा चालू असला तर समजायचं, भाषण लांबलंय. एखादी कात्री थांबली तर दुसऱ्या दिवशी त्या घरी भेट द्यायची.

इथं एक जुनी अडचण आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी दारू-तंबाखू सोडल्याची साक्ष मागणारी ही मंडळी. आणि रविवारच्या अर्पणाच्या पिशवीत पडणारा जवळजवळ प्रत्येक रुपया तंबाखूचा. बाहेरून आलेल्या एका उपदेशकानं एकदा व्यासपीठावरूनच यावर ताशेरे ओढले. बायका खाली मान घालून बसल्या. पुढच्या रविवारी पास्टर म्हणाले, "ओढू नका म्हणून मी सांगणारच. वळू नका म्हणून सांगायला माझ्या खिशात दुसरं काम न्हाई." धर्मशास्त्राच्या परीक्षेत या उत्तराला किती गुण मिळतील कोण जाणे. मंडळी मात्र त्या वाक्यावर टिकली, असं जुन्या बायका सांगतात. १९८१ मध्ये निपाणीत तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, महामार्ग अडला, गोळीबार झाला. मंडळीत तंबाखू लावणारे थोडे आणि वळणाऱ्या जास्त. पास्टर कोणत्याच बाजूच्या सभेत बोलले नाहीत. त्याबद्दल तेव्हाही त्यांना बोल लागला आणि माझ्या मते तो अगदीच चुकीचा नव्हता.

सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या काही बायकाही मंडळीत आल्या. देवदासी प्रथेवर बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ चा. पण कायद्यानं मुलांच्या दाखल्यावर बापाचं नाव येत नाही. मंडळीच्या नोंदवहीत पास्टरांनी अशा मुलांच्या पुढं आईचं नाव लिहिलं आणि रकाना भरला. हे त्यांनी कुणाला विचारून केलं नाही.

जुन्या मिशनच्या मंडळ्यांशी त्यांचं कधी धड जमलं नाही. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटी १८२० मध्ये आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती १८५७ ची 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावातच जन्मले आणि तिथल्या मिशन शाळेत शिकले. एवढी जुनी परंपरा पाठीशी असलेल्यांना सायकलवरून फिरणारा हा पास्टर म्हणजे मेंढरं पळवणारा. काही मेंढरं त्यांनी पळवली, हे खरंच आहे. पण त्यांच्याकडं आलेल्या बहुतेक बायकांना त्याआधी कुठल्याच मंडळीनं हाक मारली नव्हती.

पगार मागायचा नाही

त्यांच्या शिकवणीत एक गोष्ट पक्की होती: सेवेचा पगार ठरवायचा नाही, गरज माणसाला सांगायची नाही, फक्त प्रार्थनेत मांडायची. एकोणिसाव्या शतकात ब्रिस्टलला जॉर्ज म्युलरनं अनाथाश्रम याच रीतीनं चालवले. आपल्याकडं पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमुळं ही रीत मराठी ख्रिस्ती घरांत ओळखीची झाली. १९०५ मध्ये मुक्तीत झालेल्या जागृतीच्या गोष्टी ऐकतच आमचे पास्टर मोठे झाले.

ही रीत इतकी वर्षं चालली त्याचं एक साधं कारण व्यासपीठावरून कधी सांगितलं गेलं नाही. पास्टरीणबाई अंगणवाडीत सेविका होत्या. मानधन तुटपुंजं, पण ठरलेल्या तारखेच्या आगेमागे का होईना यायचं. रात्री त्याही बिड्या वळायच्या. पास्टर जेव्हा साक्षीत सांगायचे की, पीठ संपलं, आम्ही गुडघे टेकले आणि संध्याकाळी दारात ज्वारीचं पोतं आलं, तेव्हा ते खरंच सांगत होते. पण आधीच्या वीस दिवसांचं पीठ कुठून आलं होतं ते त्या साक्षीत नसायचं. बाईंना याचं काही वाटत होतं का, म्हणून विचारलं. "त्येंचं त्येंनी सांगितलं, माझं मी केलं," एवढंच म्हणाल्या. आज त्यांच्या खात्यावर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये येतात. मंडळीनं मानधन ठरवेपर्यंत घरातली ठरलेली रक्कम तेवढीच होती.

बाहेरून थोडी मदत होती, तीही गेली. मंडळीला कुठून परदेशी पैसा थेट येत नव्हता. एक मोठी संस्था आपल्या रकमेतून दरमहा थोडं पाठवायची. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि एका संस्थेनं दुसरीला अशी रक्कम पुढं देण्यावर बंदी आली. मदत बंद झाली ती कुणाच्या वाईटपणामुळं नव्हे, पण बंद झाली ती ऐन करोनात, जेव्हा उपासना थांबली होती आणि अर्पणाची पिशवीच फिरत नव्हती.

जागा

आता जागेकडं. १९८७ मध्ये गावठाणातला हा तुकडा घेतला. पैसे कसे जमले ते गावात सगळ्यांना पाठ आहे. दोन कापणीच्या सणांचे लिलाव. त्यातल्या एका लिलावात एक भोपळा तीनदा विकला गेला, कारण घेणाऱ्यानं दरवेळी तो परत अर्पण केला. बायकांची साठवणीची नाणी. आणि कमी पडले तेव्हा पास्टरीणबाईंच्या पाटल्या. ढोबळ हिशेबानं तिसरा हिस्सा त्या पाटल्यांचा. मंडळीची नोंदणी नव्हती, त्यामुळं खरेदीखत पास्टरांच्या नावावर झालं. पुढं बघू म्हणून राहिलं ते राहिलंच. पुढच्या भागात प्रार्थनामंदिर, मागं दोन खोल्यांचं घर, मध्ये एक भिंत.

पास्टर पंचाहत्तरीच्या आत-बाहेर असताना हे उघड झालं, आणि वकिलानं पहिल्याच बैठकीत जे सांगितलं ते ऐकून समिती गप्प झाली. पास्टर मृत्युपत्र न करता गेले तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ प्रमाणे मालमत्तेचा एक तृतीयांश पत्नीला आणि दोन तृतीयांश मुलांना. म्हणजे व्यासपीठ, बाकं, गळकं छप्पर यांचे मालक पास्टरीणबाई, पुण्यातला मुलगा आणि गडहिंग्लजला दिलेली मुलगी. मंडळी कायद्याच्या लेखी तिथं पाहुणी.

मृत्युपत्र करून मंडळीला द्यावं, असं एक मत आलं. गावातले एक जुने कारकून म्हणाले, ख्रिस्ती माणसाला तसं देता येत नाही, मरणाच्या वर्षभर आधी केलेलं मृत्युपत्र लागतं. ते त्याच कायद्याच्या कलम ११८ बद्दल बोलत होते. सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये जॉन वल्लामट्टम खटल्यात ते कलम रद्द केलं आहे. बऱ्याच मंडळ्यांत ही जुनी भीती अजून फिरते म्हणून नोंदवतो. तरी मृत्युपत्राचा मार्ग सोडला, कारण ते शेवटपर्यंत बदलता येतं, आणि आव्हान दिलं जातं ते करणारा उत्तर द्यायला उरलेला नसताना. हयातीतच बक्षीसपत्र करून जागा नोंदणीकृत ट्रस्टला द्यायची, हे ठरलं. कुटुंबाबाहेर दिलेल्या बक्षिसाला मुद्रांक शुल्क विक्रीखतासारखं लागतं. छपरासाठी जमवलेले पैसे तिकडं वळले, बादली आणखी एक पावसाळा राहिली.

जागेचं चव्हाट्यावर आलं तसं बाकीचंही येत गेलं. बँकेच्या खात्यावर सही एकट्या पास्टरांची. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या त्यांच्या पलंगाखालच्या पेटीत. आणि भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम १८७२ खाली लग्न लावण्याचा परवाना त्यांच्या वैयक्तिक नावानं. मंडळीला परवाना नसतो, माणसाला असतो. मोठ्या जुन्या मंडळ्यांत पाळकाला वयाची मर्यादा असते, बदली असते, प्रॉव्हिडंट फंड असतो. एक गेला की दुसरा येतो. इथं चाळीस वर्षांत एकाच माणसात सगळं साठत गेलं, आणि तो प्रामाणिक असल्यामुळं कुणाला ते वेगळं काढावंसं वाटलं नाही. खजिनदार एकदा वैतागून मला म्हणाला, "पास्टर चोर असते तर वीस वर्षांपूर्वीच ट्रस्ट झाला असता." माझं या प्रकरणाबद्दलचं मत याहून वेगळं नाही.

तीन बाजू

मुलगा पुण्याहून आला तो तापलेलाच. त्याचं म्हणणं सरळ होतं. पप्पांनी पगार घेतला नाही, आईच्या पाटल्या गेल्या, आम्ही सवलतीशिवाय शिकलो. आता जे एक घर आहे तेही मंडळीला द्यायचं, आणि उद्या नवा पास्टर म्हणाला बाहेर व्हा, तर? समितीतल्या एकानं "प्रभू सांभाळेल" म्हटलं तेव्हा तो उठून बाहेर गेला. कायद्यानं त्याच्या सहीची गरज नव्हती. जागा पास्टरांनी स्वतः घेतलेली, आणि ख्रिस्ती घरात मुलाला जन्मानं वडिलांच्या मालमत्तेत वाटा येत नाही. वकील म्हणाला, सही न घेता करून टाका. पास्टर म्हणाले, त्याच्या सहीशिवाय करणार नाही. यात आठेक महिने गेले. समिती चरफडत होती; मला वाटतं, सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा उशीर तोच.

दुसरी बाजू बेंगळुरूकडून आली. एका मोठ्या संस्थेचा निरोप: जागा आमच्या नावावर करा, आम्ही छप्पर घालतो, पास्टरांना आजन्म मासिक रक्कम देतो, नवा पास्टर आमचा. समितीतले दोघं लगेच तयार. रक्कम खरंच चांगली होती. पण अटींच्या कागदात उपासनेची भाषा संस्था ठरवील असं एक वाक्य होतं, आणि त्यावर पेटलं. एक म्हातारे सभासद उभे राहिले, "आमी एक नोव्हेंबरला काळी फीत लावणारी माणसं. देवळातबी मराठी न्हाई म्हणायचं का?" बेळगाव भागात हा प्रश्न दुकानाच्या पाटीपासून सातबाराऐवजी येणाऱ्या कन्नड उताऱ्यापर्यंत सगळीकडं आहे, मंडळी त्यातून सुटेल कशी.

गंमत अशी, की ज्याला पुढं पास्टर करायचं सगळ्यांच्या मनात होतं तो तरुण रायबागकडचा, घरात कन्नड बोलणारा. इथल्याच रविवारच्या शाळेत वाढलेला, मराठी बोलतो पण अडखळत. फीत लावणाऱ्या आजोबांना तो मुलगा हवा होता, संस्थेची अट नको होती. पास्टरांनी प्रेषितांच्या कृत्यांतला दुसरा अध्याय काढला, पन्नासाव्या दिवशी प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं तो. ठरलं ते असं: संदेश मराठीत, शास्त्रवाचन दोन्ही भाषांत, महिन्यातून एक उपासना कन्नडमध्ये. हे कुणा बाहेरच्यानं ठरवायचं नाही. बेंगळुरूचा प्रस्ताव परत गेला.

तिसरी बाजू बोलली ती शेवटी. मसुदा वाचून दाखवत होते. पास्टरांना हयातभर मागच्या दोन खोल्यांत राहण्याचा हक्क, असं कलम होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पास्टरीणबाई दाराशी लसूण सोलत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आणि ह्येंच्या मागं मी कुटं ऱ्हायाचं, त्ये लिवलंय का?"

लिहिलं नव्हतं. वकिलानं नाही, समितीनं नाही, आणि आईसाठी भांडतोय असं वाटणाऱ्या मुलानंही तोवर ते विचारलं नव्हतं. कलम बदललं: दोघांपैकी जो मागं राहील त्याला शेवटपर्यंत. शिवाय प्रस्तावनेत एक ओळ आली, की ही जागा मंडळीच्या अर्पणातून आणि पास्टरीणबाईंच्या दागिन्यांतून घेतली आहे. अशी ओळ कायद्यानं लागत नाही. ती घातल्यावर मुलानं साक्षीदार म्हणून सही केली.

लेव्यांचा नियम

निवृत्तीचं वय बायबलमध्ये आहे का? पास्टरांना हा प्रश्न खजिनदारानं टोमण्यानं विचारला होता. त्यांनी तो मनावर घेतला आणि बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायाशी थांबले. लेव्यांनी, म्हणजे प्राचीन इस्राएलात उपासनेच्या सेवेला नेमलेल्या वंशानं, पंचविसाव्या वर्षापासून निवासमंडपाची सेवा करावी, पन्नासाव्या वर्षी ती सोडावी, मग आपल्या भावांना मदत करावी पण स्वतः सेवा करू नये. पास्टरांनी हा उतारा आयुष्यात अनेकदा वाचला असणार. त्यावर संदेश कधीच दिला नव्हता. निवृत्तीच्या रविवारी तोच दिला, दहा मिनिटांत, आणि म्हणाले, "पंचवीस वर्सं उशीर झालाय माझा."

मग त्यांनी एक गोष्ट केली जी बहुतेक निवृत्त पास्टरांना जमत नाही. वर्षभर या व्यासपीठावर उभं राहायचं नाही असं ठरवलं, आणि पहिले सहा महिने रविवारी गडहिंग्लजला मुलीच्या मंडळीत जायला लागले. लोकांना राग आला. आजारी माणसाच्या डोक्यावर हात ठेवायला लोकांना तेच हवे होते. ते यायचे, पण नव्या पास्टरला सोबत घेऊन, आणि प्रार्थना त्याला करायला लावून. दोन घरं चिडून जुन्या मिशनच्या मंडळीत परत गेली. एका अर्थी मेंढरांचा हिशेब फिटला.

या सगळ्यात त्यांच्या विश्वासाचं काय झालं, असं मला काही वाचक नक्की विचारतील. मीही त्यांना विचारलं होतं. पगार न ठरवण्याची शिकवण चुकली का, असा माझा प्रश्न होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की नव्या पास्टरचा पगार ठरवा असा ठराव त्यांनीच समितीत मांडला. प्रेषित पौल पोटासाठी तंबू शिवायचा हे खरं. पण सुवार्ता सांगणाऱ्यानं सुवार्तेवर जगावं हेही त्यानंच करिंथकरांना लिहिलंय. "मी पहिलं वाचलं, दुसरं वाचायचं हिला ठेवलं," असं बायकोकडं बोट दाखवून म्हणाले. नव्या पास्टरला दरमहा ठरलेली रक्कम, निवृत्त जोडप्याला मानधन, दोन्ही लेखी, दोन सह्यांच्या खात्यातून.

आज कुठं आलंय

बक्षीसपत्र नोंदवलं, ट्रस्टनं ते रीतसर स्वीकारलं. ई-खात्यावर नाव बदललं. छप्पर मात्र आता दोन टप्प्यांत होणार. मुलगा खजिनदाराशी अजून बोलत नाही; नाताळला आला होता, उपासनेत शेवटच्या बाकावर बसला आणि जेवायला न थांबता गेला.

नोंदवह्यांचं काम चालू आहे. नववीतली ती मुलगी आता कॉलेजात. ती आणि आणखी एक जण जुन्या वह्या उतरवून घेतात. अलीकडच्या पानांवर बाप्तिस्मे फार कमी आहेत. धर्मांतराबद्दलचा कर्नाटकाचा कायदा विधानसभेत मंजूर झाला तो बेळगावच्याच सुवर्णसौधात, डिसेंबर २०२१ मध्ये, आणि २०२२ मध्ये लागू झाला. त्यानुसार धर्म बदलणाऱ्यानं आणि बदलवणाऱ्यानं तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. पास्टरांनी त्यानंतर ख्रिस्ती घरांतली मुलं सोडून कुणाचा बाप्तिस्मा केला नाही. रविवारी येणारी काही माणसं गेली कित्येक वर्षं बाप्तिस्म्याशिवायच येतात, सवलत जाईल म्हणून. त्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत, आणि उतरवणाऱ्यांनी ती कुठं लिहायची हे ठरलेलं नाही.

ट्रस्टच्या नियमावलीची मराठी आणि कन्नड प्रत जुळत नाही असं समितीतल्या एकाच्या लक्षात आलंय. कोणती धरायची यावर पुढच्या बैठकीत वाद होणार. नव्या पास्टरच्या विवाह परवान्याचा अर्ज गेलाय, आलेला नाही. मे महिन्यात मंडळीत दोन लग्नं आहेत. जुन्या पास्टरांचा परवाना चालतो, पण त्यांनी लावायला नकार दिला. त्यामुळं जुन्या मिशनच्या मंडळीतल्या पाळकांना विचारायला नवा पास्टर आणि खजिनदार येत्या शनिवारी जाणार आहेत. ते पाळकसाहेब पूर्वी मेंढरांवरून सगळ्यात जास्त भांडलेले. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, की लग्न संध्याकाळी सातच्या आत लागेल ना, कायद्यानं वेळ तेवढीच आहे.